पुढच्या रांगेतलं हसू

जेवणाच्या टेबलावर संडासातलं टमरेल ठेवलं होतं आणि त्यात प्लास्टिकची फुलं खोचली होती.

झुलेखानं ते पुढच्या रांगेतून पाहिलं. सेट म्हणे मुसलमानाच्या घराचा. भिंतीवर लिंबाएवढ्या मण्यांची जपाची तसबी, सोफ्याला प्लास्टिकचं कव्हर आणि जिथं बसून माणसं घास घेणार तिथं टमरेल. तेही खरंखुरं, हिरवं, त्यांच्या बाजारात मिळतं तस्सं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम दुकानात जाऊन विकत आणलं होतं.

"ते टमरेल बघितलंस?" तिनं शेजारी बसलेल्या बिलकिसला विचारलं.

"बघितलं. नशीब, त्यातनं कढी नाही वाढली."

ब्लॅकबर्नच्या मशिदीतल्या चाळीस बायका बस भरून मँचेस्टरला आल्या होत्या. बस टीव्हीवाल्यांची, समोसे बायकांचे. बोलावणं झुलेखाच्या भावाच्या मुलीचं, सुमैयाचं. ती तीन वर्षं या विनोदी मालिकेच्या लिहिणाऱ्यांत होती. आजचा भाग पहिल्यांदाच अख्खा तिचा होता. "फोई, तू ये आणि बायकांना आण. पुढच्या दोन रांगा तुमच्या," असं आत्याला म्हणाली होती. पुढच्या रांगा का, ते इथं आल्यावर कळलं. कॅमेरा वळला की ओढणीतले हसरे चेहरे दिसायला हवे होते. मागे गोरी माणसं, पुढे या. यांना हसू आलं म्हणजे मागच्यांना हसायला हरकत नाही.

लाल कोटातला एक माणूस लोकांना हसायची सवय लागावी म्हणून चुटके सोडत होता. "लेडीज, मोठ्यानं हसा! आज तुमचे नवरे बघत नाहीयेत!"

झुलेखाचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि होता तेव्हा तिला हसवणारा तोच एक होता. पण लाल कोटाला हे कोण सांगणार?

दोन प्रवेश झाले. नमाजेला उभी राहिलेली आजी काब्याऐवजी स्वयंपाकघरातल्या फ्रीजकडे तोंड करून होती, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग आजी मेली. तिसऱ्या प्रवेशात पडदा सरकला, तर आत गुसलची खोली. मय्यतीला अंघोळ घालायची खोली.

झुलेखा सरळ होऊन बसली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करायची, पण गल्लीत तिला ओळखत ते दुसऱ्या कामासाठी. बावीस वर्षं ती बायकांच्या मय्यती धुवत होती. बिनपैशाचं काम, आणि त्याची एकच अट. अंगावर जे दिसेल ते डोळ्यांतच पुरायचं. चट्टे, जळल्याच्या खुणा, कुणाचं काय. बाहेर पडताना हात धुवायचे तसे डोळे धुवायचे, असं तिला शिकवणाऱ्या म्हातारीनं सांगितलं होतं.

सेटवरच्या धुणारीनं चादर वर केली, पाय बघितले, झटकन झाकले, आणि मान दुसरीकडे करून हळूच पुन्हा उघडून बघितले.

झुलेखा खळखळून हसली. दुकानाच्या काचेत अचानक स्वतःचंच ध्यान दिसावं तसं झालं. ती मान, तो हात, तिचाच होता की! हसू तोंडाबाहेर पडलं आणि अक्कल मागून आली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तिच्याकडे बघत होता.

"लाल!" सेटवरची बाई किंचाळली. "पायाच्या दाही नखांना लाल भडक नेलपॉलिश! हज करून आलेल्या बाईच्या!" दाराच्या फटीतून एक हात आत आला, त्यात रंग पुसायच्या औषधाची बाटली. "म्हणजे अख्ख्या जन्माच्या नमाजा फुकट!"

सगळा हॉल उसळला. झुलेखानं बिलकिसकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्या बाजूनं हुंकारसुद्धा आला नव्हता.

कारण ते पाय बिलकिसच्या सासूचे होते. हव्वामाचे. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीतले.

हव्वामा म्हणजे मदरशातल्या मुलींचा कर्दनकाळ. "नखावर रंग, वझूला कुलूप!" नमाजेआधी तोंड, हात, पाय धुवायचे ती वझू; रंगाखाली पाणी पोचत नाही, पाणी पोचलं नाही तर वझू नाही, वझू नाही तर नमाज नाही. किती पोरींची बोटं तिनं पट्टीनं लाल केली असतील! आणि तिचेच पाय उघडले तर हे. आत झुलेखा आणि तिच्या जोडीनं धुणारी सफूराबेन, दोघीच. बिलकिसचे चार दिवस चालू होते म्हणून ती बाहेर थांबली होती. रंग काढल्याशिवाय गुसल पुरा होईना, आणि काढायचा कशानं? इतक्यात दारावर टकटक झाली आणि बिलकिसनं न बोलता बाटली आत दिली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, रंग पुसला आणि तोंड मिटलं.

झुलेखानं दोन वर्षं मिटलं. मग रमजानच्या आदल्या आठवड्यात तीनशे समोसे भरायचे होते, सुमैया मदतीला बसली होती, आणि पोरगी उगाच खिन्न दिसत होती. तिला हसवायला म्हणून झुलेखानं सांगितलं. नाव नाही घेतलं. नाव न घेता सांगितलं की ती चहाडी होत नाही, असं तिनं त्या समोशाची घडी घालता घालता स्वतःला पटवलं होतं. वर हातवारे करून सांगितलं. सुमैया पोट धरधरून हसली होती.

परतीच्या बसमध्ये बिलकिस थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुढे बायकांचा कलकलाट.

"कुठून सुचतं गं यांना असलं घाणेरडं?"

"टीव्हीवाले काय, मेलेल्यालाही सोडत नाहीत."

"तू मात्र काय हसलीस गं झुलेखाबेन! मला वाटलं खुर्चीतनं पडतेस."

रविवारी सुमैया आली. आनंदानं फुगलेली, हातात फुलं. झुलेखानं फुलं सिंकमध्ये ठेवली.

"ते पायांचं काढून टाक तुझ्या भागातनं."

"काय काढू? फोई, त्यात नाव कुठंय? गाव कुठंय?"

"बिलकिस माझ्या शेजारी बसली होती. तिची सासू होती ती."

सुमैयाचा चेहरा उतरला. "मला काय माहीत! तू तरी कुठं सांगितलं होतंस?" मग खुर्ची ओढून बसली. "त्या खोलीत आम्ही सात जण बसतो. आपल्यातली मी एकटी. तीन वर्षं माझं काम काय, माहितेय? नाही म्हणायचं. बॉम्ब नको. जबरदस्तीचं लग्न नको. टॅक्सीवाला नको. न्हाणीत बकरा नको. मग ते म्हणतात, बरं बाई, तूच सांग, तुमच्यात हसायचं कशाला? शेवटी मी त्यांना एक खरी गोष्ट दिली. पहिल्यांदा आपली म्हातारी माणसासारखी दिसली."

"माणसासारखी? तिच्या नमाजा फुकट गेल्या म्हणून तीनशे लोक दात काढत होते."

"ती ओळ त्यांनी घातली. माझी नव्हती."

"आणि टमरेल?"

सुमैया नखानं टेबल खरवडत राहिली. "टमरेलासाठी दोन दिवस भांडले मी. मग ते म्हणाले, टमरेल काढतो पण नखंही जातील. मी नखं ठेवली."

"म्हणजे सौदा केलास."

"तिथं रोज सौदाच असतो, फोई."

"गोष्ट खरी होती, म्हणूनच ती माझी नव्हती गं तुला द्यायला."

"मग दिलीस का?" सुमैया म्हणाली.

झुलेखा चहा टाकायला उठली. पोरीनं चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर झुलेखा चढ चढून बिलकिसकडे गेली. बिलकिस पुढच्या खोलीत नवऱ्याचे, हारूनचे, शर्ट इस्त्री करत होती. तिनं बस म्हटलं नाही आणि इस्त्रीही थांबवली नाही.

"आत दोघी होतात. सफूराबेन गेल्या वर्षी वारल्या. म्हणजे विचारायचं काही राहिलंच नाही."

"मी नाव नव्हतं घेतलं, बिलकिस."

"पायांना नाव लागतं?"

एक शर्ट झाला. दुसरा झाला. मग ती बोलली ती शर्टाच्या कॉलरशी बोलल्यासारखी.

"शेवटची दोन वर्षं मांच्या अंगाला पाणी चालत नव्हतं. थेंब लागला की कातडी सोलून निघायची. डॉक्टरनं पाणी बंद केलं, मौलानांनी मातीवर हात फिरवून तयम्मुम करायला सांगितलं. तयम्मुममध्ये काय येतं, झुलेखाबेन? तोंड आणि हात. पाय येतात?"

"नाही येत," झुलेखा म्हणाली. बावीस वर्षं ती मय्यती धुवत होती, आणि हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"एक दिवस मला म्हणाल्या, 'बिलकिस, म्हणजे पाय आता माझे झाले?' मी म्हटलं, झाले. म्हणाल्या, 'मग आण तुझा तो रंग. पण पायाचं मौलानांना विचारत बसू नकोस.' लग्नाआधी गावात मुंबईच्या एका मैत्रिणीनं त्यांना एकदा लावला होता. बापानं राखेनं घासून काढला, रक्त येईपर्यंत. त्यानंतर थेट अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. दर पंधरा दिवसांनी मी लावायचे. आमचं वीस वर्षं कसं जमलं नाही, ते अख्ख्या गल्लीला पाठ आहे. पण पाय मांडीवर घेतले की भांडता यायचं नाही. हारूनला यातलं काही माहीत नाही. मोजे घालून ठेवायचो." तिनं इस्त्री उभी केली. "एक नमाज फुकट गेली नाही त्यांची. एक."

"मी सुमैयाला सांगते. हे कळलं तर ती ओळ काढतील."

"खबरदार. हे तर त्यांना आणखी आवडेल."

झुलेखानं मान खाली घातली. बिलकिसला दिसू नये म्हणून. कारण राखेचं ऐकता ऐकताच तिच्या मनात येऊन गेलं होतं, की हे सांगताना कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा. मनानं गोष्ट उचलूनसुद्धा झाली होती. तिला स्वतःची किळस आली. नासलेलं दूध हुंगावं तशी.

पंधरवड्यानं सुमैयाचा फोन आला. आवाज मऊ होता.

"फोई, मी भांडले त्यांच्याशी. ती ओळ बदलायला तयार आहेत. फक्त त्याजागी काय, ते सांगा म्हणतात. नमाज फुकट जात नाही असं काही असेल तर तुला माहीत असेल. तू एवढी जाणती. एक वाक्य दे मला. आणि तुझं हसणं त्यांना इतकं आवडलंय! तुला सल्लागार म्हणून घेऊ म्हणतात."

एकच वाक्य. ते जिभेवर येऊन बसलं होतं. बाहेर पडलं तर हव्वामाच्या नमाजा परत मिळणार होत्या आणि पाय पुन्हा उघडे पडणार होते.

"मला काही माहीत नाही."

"फोई, अगं तिच्यासाठीच म्हणतेय मी!"

"माहीत नाही म्हटलं ना एकदा."

पलीकडून फोन बंद झाला.

तो भाग जूनमध्ये लागला, संध्याकाळी साडेआठला. झुलेखाला घरात बसवेना. ती बिलकिसच्या दारात जाऊन उभी राहिली. हारूननं दार उघडलं आणि खूश झाला. "या, या! स्वतःला बघायला आमच्याकडे? बिलकिस, चहा टाक!"

तिघं ओळीनं बसली. फ्रीजकडे तोंड करून नमाज झाली, टमरेल झालं, आजी मेली. चादर वर झाली. मग ती ओळ आली, 'अख्ख्या जन्माच्या नमाजा फुकट', आणि लगेच पडदाभर झुलेखा. जबडा उघडा, मागची चांदीची दाढ चमकतेय, डोळ्यांत पाणी. ती त्या ओळीला हसली नव्हती. अर्धं मिनिट आधी हसली होती. त्यांनी तिचं हसू उचलून तिथं चिकटवलं होतं. पण हे कुणाला सांगायचं, आणि सांगून तरी काय? हसली तर होतीच.

"अरे, झुलेखाबेन!" हारूननं मांडीवर थाप मारली. मग त्याचं तोंड वाकडं झालं. "पण शी, काय घाण करून ठेवलीय. आमच्या मानं असली बाई बघितली असती ना, नखासकट उपटून काढली असती." तो तिच्याकडे वळला. "खरंच असं काही निघतं का हो, धुताना?"

बिलकिसच्या हातातला कप हवेतच थांबला.

"काही निघत नाही," झुलेखा म्हणाली. "टीव्हीवाल्यांच्या मनातली घाण आहे ती. माणसं जातात ती साधी जातात. तुझी मा तर लहान पोरासारखी साधी गेली."

हारूननं डोळे पुसले आणि दुसरा कार्यक्रम लावला.

बिलकिस दारापर्यंत पोचवायला आली. दार मागे ओढून घेतलं.

"त्यांच्यासमोर नीट बोललात."

झुलेखानं पायांत चपला सरकवल्या.

"एक सांगून ठेवते. माझं होईल तेव्हा सफूराबेनच्या सुनेनं मला धुवावं. तुम्ही नाही. मशिदीतल्या वहीत तसं लिहून आलेय मी."

"बरं," झुलेखा म्हणाली.

नऊ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता. घराघरातून बायका पायरीवर येऊन बसल्या होत्या. उतारावर पहिल्या दारातून हाक आली, "बघितलं गं तुला टीव्हीवर! काय हसलीस, काय हसलीस!" मग समोरच्या दारातून. मग पुढच्या. कोपऱ्यापर्यंत अकरा दारं होती. प्रत्येक दाराकडे बघून झुलेखाला हात हलवावा लागला.