खिळ्यावरचं झाकण

मी गोल करवतीचं झाकण बोलतोय. पातं आणि माणसाची बोटं यांच्यामध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम. ज्याने मला पत्र्यातून घडवलं, त्याने माझ्या कडासुद्धा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, झाकणाने कुणाला कापू नये म्हणून. बिचारा! मी कुणाच्या हाती पडणार हे त्याला काय ठाऊक?

मी पडलो एका सुताराच्या हाती. गिऱ्हाइकं त्याला 'उस्ताद' म्हणत आणि त्याला ते खरं वाटे. करवत आली त्याच दिवशी त्याने माझे दोन्ही स्क्रू काढले. "याच्यामुळे रेघ दिसत नाही," म्हणाला. मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं आणि माझ्यावर आपली टोपी अडकवली. एवढ्यासाठी जन्म घेतला होता का मी?

त्याची एक खोड होती. गिऱ्हाईक आलं की फळी पात्याकडे सारायची आणि नजर मात्र गिऱ्हाइकावर ठेवून गप्पा हाणायच्या. फळी चिरली की दोन्ही पंजे पसरायचे. "मोजा! दहाच्या दहा!" लोक वाहवा करत. अरे, शेळीचेही चारही पाय शाबूत असतात, पण ती ते गावभर दाखवत हिंडत नाही.

दुकानात पॉलिशचं काम त्याची बायको करायची. ती एकटीच कधीमधी माझ्याकडे बघायची.

"अहो, लावा ना ते झाकण. दोन स्क्रूंचं तर काम."

"झाकण नवशिक्यांना लागतं. माझ्या हातांना डोळे आहेत."

डोळे म्हणे! डोक्यात हवा भरली की हातांनाही डोळे फुटतात.

मुलीला दिवस गेले तेव्हा त्याने पाळणा करायला घेतला. खोटं कशाला बोलू, पाळणा देखणा होता, आणि म्हणूनच मला जास्त संताप येई. असे हात, आणि त्यांना असा मालक! शेवटची फळी चिरायची होती तेवढ्यात शेजारचा किराणावाला डोकावला. उस्तादाने नेहमीप्रमाणे मान वळवली. "बाळाला पहिल्यांदा मीच उचलणार, बरं का..."

फळीत गाठ होती. फळी उसळली आणि हात पात्यावर गेला. मी टोपीखाली लटकून बघत राहिलो.

उजव्या हाताला आता फक्त अंगठा आहे. मला वाईट वाटलं, पण त्या हाताचं. मालकाचं मुळीच नाही. तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "लाकूडच दगाबाज निघालं!" नाचता येईना, अंगण वाकडं. नात झाली तेव्हा तिला बोट धरायला द्यायचं म्हणून तो सवयीने उजवा हात पुढे करायला गेला, आणि गुपचूप खिशात घालून डावा काढला.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊ कुठल्यातरी खिळ्यावर टांगलेला असेल. त्याला खाली काढा. तेवढंही होत नसेल, तर निदान पंजे पसरून फुशारकी तरी मारू नका. आम्हाला वरून सगळं दिसतं.

पाळण्याची ती फळी तशीच पडून होती. परवा बायकोने टोपी बाजूला ठेवली, मला पदराने पुसलं आणि करवतीवर बसवलं. स्क्रू तीच पिळत होती. उस्ताद शेजारी उभा राहून हुकूम सोडत होता.

"नीट घट्ट कर गं. सैल राहिलं तर बोटं जातील."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा स्क्रू पिळू लागली.