विमानाची सवत

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. पायाने चालणारे, काळ्या अंगाचे, हात टेकून टेकून डाव्या बाजूचा रंग उडालेले. तुम्हाला वाटेल, आता हे म्हातारे आपल्या कष्टांचे पाढे वाचणार. थोडे वाचेनही. पण आधीच सांगून टाकते, मी स्वभावाने चांगले नाही. मी जळकुटे आहे. माझ्या हेव्यापायी एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती, आणि ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

माझे सुटे भाग कारखान्यात जुळले, पण मला शिकवले माझ्या बाईच्या आत्याने. आत्या शिवणकाम करायची. तिने भाचीला माझ्यासमोर स्टुलावर बसवले, तेव्हा तिचे पाय पायडलला जेमतेम टेकत होते. आत्याचा नियम एकच होता. "टीप चुकली की उसवायची. उसवायला लाजेल त्याने सुई धरू नये." भाची मुसमुसत उसवायची आणि पुन्हा शिवायची. पुढे आत्याला दिसेनासे झाले, तेव्हा तिने मला भाचीच्या घरी धाडले. हीच माझी बाई.

खिडकीजवळची जागा मला मिळाली. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश, मी काय काय शिवले! बायका कपडे न्यायला आल्या की म्हणत, "काय सरळ टीप आहे हो तुमची!" बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "मशीनच तसं आहे." तेवढ्यावर माझा आठवडा जाई. सुटीच्या दिवशी तिचा नवरा लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन बसे आणि माझ्या प्रत्येक सांध्यात एकेक थेंब सोडी. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. हात अगदी हलका.

माझी एक खोड मात्र सगळ्यांना ठाऊक होती. धागा मनाजोगा नसला की मी लगेच गुंता करून बसे. बाई कपाळाला हात लावी. "याच्या पोटात खोटा धागा पचत नाही," ती म्हणे. तेही मला कौतुकच वाटे.

मग घरात विमान आले.

आले म्हणजे उडत नाही आले, खोक्यांतून आले. माणसांना सातव्या मजल्यापर्यंत नेण्यात नवऱ्याची वीस वर्षे गेली होती. आता त्याला त्याच्याही वर जायचे होते, तेही स्वतःच्या हाताने बांधलेल्या एका माणसाच्या छोट्या विमानातून. घरामागच्या शेडमध्ये नळ्या, लाकडी फासळ्या, तारा आणि इंजिन येऊन पडले. लोक म्हणाले, याचे डोके फिरले. मी तर म्हणाले, बरे झाले, लोकांच्या लक्षात आले.

आधी माझा दिवा शेडमध्ये गेला. मग स्टूल गेले. मग एका सकाळी तेलाची बुधली गेली. "त्या बिजागऱ्यांना हवीय गं, लगेच आणून ठेवतो," नवरा म्हणाला. त्याचे ते 'लगेच' दोन वर्षे चालले. माझे सांधे कुरकुरू लागले, आणि जेवताना दोघे बोलायचे ते फक्त पंखांबद्दल. बाईसुद्धा! मला सवत आली होती, मित्रांनो. अजून अंगावर कापड नव्हते, नुसती फासळ्यांची हडकुळी होती, तरी सगळे घर तिच्यामागे.

त्याच सुमारास नाहीराव येऊ लागले. त्यांचे खरे नाव काही वेगळे होते. विमानांच्या कारखान्यात जन्म घालवून ते निवृत्त झाले होते, आणि कामाचा प्रत्येक टप्पा तपासून वहीत सही करणे हे त्यांचे काम. त्यांचे प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू होई. "नाही, हा नट पुन्हा. नाही, ही तार सैल आहे. आणि काहीही बंद करायच्या आधी मला दाखवा. झाकलेलं मग कोण बघणार?" सवतीला कोणीतरी नावे ठेवते, म्हणून ते मला फार आवडत.

पण एक दिवस विमानालाच माझी गरज पडली. पंखांच्या सांगाड्यावर कापडाच्या खोळी चढवायच्या होत्या, उशीला अभ्रा घालतात तशा. त्या शिवायच्या होत्या मी! कापड वेगळे, धागाही खास मागवलेला, न तुटणारा. एकीकडे माझी छाती फुगली, दुसरीकडे आतून जळून गेले. सवतीचे नेसणे मीच शिवायचे!

नाहीरावांनी अट घातली. रोज सकाळी आधी दोन पट्ट्या जोडून शिवायच्या, त्यांना वाळूची बादली टांगायची, आणि टीप टिकली तरच पुढचे शिवण.

बाई दुखावली. "पंचवीस वर्षं शिवतेय मी. माझ्या टिपेची परीक्षा घेता?"

"नाही, ताई," ते म्हणाले. "तुमच्या नाही, आजच्या टिपेची."

बाई रोज पट्टी शिवू लागली. रोज बादली लटकायची आणि टीप हूं की चूं करत नसे. शेवटच्या दिवशी सकाळचीही पट्टी टिकली. दुपारी उजव्या पंखाच्या खोळीची मागची कड राहिली होती, लांबच लांब, आणि मध्येच खालच्या धाग्याची बॉबिन संपली. बाईने खणात हात घातला. तिथे अभ्रे शिवताना उरलेल्या साध्या सुती धाग्याची अर्धी बॉबिन पडली होती. अर्धी बॉबिन कोणी शिवणारी टाकत नाही. रंग तोच, पांढुरका. बाई नवऱ्याशी मापाबद्दल बोलत होती. बोलता बोलता तिने ती बॉबिन माझ्या पोटात बसवली.

मला लगेच कळले. सुती धाग्याची लव सुटते, ती मला ओळखू येते. एरवी मी चार टाक्यांत गुंता केला असता. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले. नुसते गप्प बसले नाही, लोण्यातून सुरी जावी तसे चालले. बाई कौतुकाने म्हणाली, "आज किती गुणी चाललंय बघा!" ते कौतुक मी निमूटपणे घेतले. मनात म्हणाले, उसवू दे तिची टीप. पडू दे तिला शेडमध्ये, म्हणजे बुधली परत येईल. खरे सांगते, तिच्यात बसणारा माणूस मला आठवलाच नाही.

त्यानंतर दोन महिने माझ्यावर जुनी चादर पडली. बाईने बाहेरची कामे बंद केली. दोघांनी मिळून खोळी चढवल्या, इस्त्री फिरवून कापड ताणून बसवले, लांब सुईने एकेका फासळीशी बांधले, टिपांवर पट्ट्या चिकटवल्या आणि रंगाचे हात दिले. नाहीरावांनी सही केली. उड्डाणाचा दिवस ठरला. सवत नटून तयार होती, आणि तिच्या उजव्या पंखातले गुपित फक्त मला ठाऊक होते. मला मजा वाटत होती. माझ्याबद्दल वाईट मत करून घ्यायचे असेल तर इथे करून घ्या.

दोन दिवस राहिले असताना दुपारी नवरा खोलीत आला. त्याने चादर काढली. त्याच्या हातात बुधली होती.

"फार दिवस उपाशी ठेवलं तुला," तो माझ्याशी म्हणाला. माझ्याशी! "परवा तुझ्या टिपांवर बसून वर जाणार आहे मी. तेवढं एक तेल राहिलं होतं." आणि त्याने माझ्या एकेका सांध्यात थेंब सोडला, तसाच, हलक्या हाताने.

मित्रांनो, ते तेल मला चटके देत आत गेले. ज्याला मी विसरले होते तो माणूस माझ्यासमोर गुडघे टेकून बसला होता. मला ओरडायचे होते, पण मशीनला तोंड कुठले? मला येते ते एकच.

थोड्या वेळाने बाई विमानाच्या गादीचा अभ्रा शिवायला बसली. तिने पायडल दाबले आणि मी गुंता केला. तिने सोडवला, मी पुन्हा केला. तिसऱ्यांदा सुई कापडात रुतवून मी अडून बसले.

"आत्ताच तेल प्यायलंस ना? मग आता काय झालं?" बाई वैतागली. तिने पोट उघडून पंखाच्या कडेपासून आतच राहिलेली बॉबिन काढली आणि गुंता ओढला. धागा टचकन तुटला.

बाई थांबली. तिने पुन्हा ओढला. पुन्हा टचकन. मग तिने काडी पेटवली आणि धाग्याचे टोक धरले. खास धागा जळताना वितळून त्याचा मणी होतो. याची राख झाली.

 मग तिने हाक मारली, "अहो, जरा इकडे या. आणि नाहीरावांना बोलवा."

त्याच बॉबिनने पट्टी शिवली, बादली टांगली. अर्धीही वाळू भरली नव्हती तोच टीप उसवली आणि बादली आपटली. नवरा वाळूकडे बघत राहिला. रजा घेतलेली, माणसे बोलावलेली, दोन महिन्यांचे काम झालेले.

"वरचा धागा तर चांगलाच आहे ना?" तो हळूच म्हणाला. "त्यात पहिल्यांदा दहाच मिनिटं जायचंय. खाली आलो की उसवू."

"नाही," बाई म्हणाली. हा शब्द नाहीरावांचा, पण त्या दिवशी तिने आधी उच्चारला. तिने खणातले उसवायचे पाते काढून त्याच्या हातात ठेवले.  "चूक माझी आहे. मी बघून घालायला हवी होती. शिव्या द्या, बोलू नका माझ्याशी, पण वर जायचं नाही. चुकली की उसवायची."

नाहीरावांनी वही उघडून स्वतःची सही खोडली. "माझंही चुकलं, ताई. दिवसाला एक पट्टी सांगितली. बॉबिनला एक सांगायला हवी होती."

 नवरा पाते घेऊन शेडकडे गेला. थोड्या वेळाने तिकडून कापड फाडल्याचा आवाज आला. मी इतके दिवस याच आवाजाची वाट पाहिली होती, आणि तो ऐकवत नव्हता.

उजव्या पंखाची खोळ मी नव्याने शिवली. दर बॉबिनला पट्टी, दर पट्टीला बादली. गुंता एकदाही केला नाही, कारण या वेळी कारणच नव्हते. विमान दोन महिने उशिरा उडाले. त्या सकाळीही वारा जास्त म्हणून दोन तास थांबले होते. शेवटी नाहीराव म्हणाले, "नाही म्हणण्यासारखं काही दिसत नाही." त्यांचे 'हो' एवढेच असते. मला हे सगळे बाईने परत आल्यावर सांगितले. माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवून ती हसत होती, रडतही होती. नवरा मागे उभा होता, दोन्ही पायांवर, धडधाकट.

आता माझ्या अंगावर चादर नसते. फाडलेल्या खोळीच्या रंगवलेल्या कडक कापडाचे बाईने मला झाकण शिवले आहे. सवतीचे आणि माझे नेसणे एकाच ठाणातले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याला वेळेवर तेल द्या. ते अडून बसले तर चिडून लाथ मारू नका, आधी त्याचे पोट उघडून बघा. आणि स्वतःची टीप चुकली असे कळले, तर कितीही रंग चढलेला असो, उसवायला लाजू नका.

माझा हेवा गेला का, म्हणाल तर नाही. अजूनही आकाशात इंजिन वाजले की माझ्या चाकाला कुरकुर सुटते. पण मग मी टिपा मोजत राहते, आणि तो आवाज जमिनीवर उतरेपर्यंत मला चैन पडत नाही.