ड्रायव्हरला बोट लागली

तीस वर्षं घाटात बस चालवलेल्या माणसाला बोट लागेल, हे ड्रायव्हरच्या स्वप्नातही आलं नव्हतं. निवृत्तीनंतर लेक-जावयाने त्याला आणि बायकोला आठ दिवसांच्या क्रूझवर पाठवलं. पहिल्याच संध्याकाळी जमीन दिसेनाशी झाली आणि त्याच्या पोटात जे ढवळायला लागलं, ते थांबायचं नाव घेईना.

गोळी पोटात ठरत नव्हती. जहाजावरच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. त्याने गुंगी आली, मळमळ तशीच राहिली. डोळे मिटले की पलंग फिरायचा, उघडले की पडदा झुलायचा. बायको नवा ड्रेस घालून एकटीच जेवून यायची आणि त्याची बादली धुऊन ठेवायची.

चौथ्या दिवशी सकाळी बेट आलं. साडेचारच्या आत परत या, असं खलाशाने प्रत्येकाला बजावलं. ड्रायव्हर कसाबसा धक्क्यावर उतरला आणि पहिल्या भिंतीला पाठ लावून बसला. जमीनही हलतच होती, पण जरा कमी.

"अहो, पलीकडे पांढऱ्या वाळूचा किनारा आहे म्हणे. हळूहळू जाऊ."

"मी इथून हलत नाही. आणि त्या जहाजावर पुन्हा पाय ठेवणार नाही, सांगून ठेवतो. तुला जायचं तर तू जा."

"मग घरी काय पोहत येणार?"

त्याने पाठ भिंतीला आणखी घट्ट टेकवली. "संसाराच्या चौतीस वर्षांत पहिली सुट्टी ही," एवढंच ती म्हणाली आणि नवा निळा ड्रेस सावरत एकटी निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर तो भिंत धरत बंदराच्या कचेरीत गेला. विमानाचं काय, म्हणून विचारलं. बेटावर विमानतळच नव्हता.

"दुसरी बोट?"

"मंगळवारी. मालाची," कारकून मान वर न करता म्हणाला. "सतरा तास लागतात. आणि काका, ती फार हलते. आलात त्याच जहाजाने जा."

ड्रायव्हर बाहेर आला तो थेट चढाच्या गल्लीला लागला. कुठे जायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. समुद्रापासून लांब, एवढंच. वाळत घातलेल्या चादरींखालून, बंद दारांवरून तो टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला आणि टाकीच्या सावलीत कोसळला. इथेच राहावं. झाडलोट करावी, मिळेल ती गाडी चालवावी. लेकीला पत्र टाकावं. त्याने हे सगळं अगदी खरोखरीचं ठरवलं, आणि मग गुडघ्यांत डोकं घालून रडला.

सव्वाचारला भोंगा झाला. वरून धक्का स्पष्ट दिसत होता. माणसं शिडीने वर जात होती. शेवटी खाली एकच निळा ठिपका उरला. खलाशी हातवारे करत होता. निळा ठिपका हलेना. उलट शिडीच्या तोंडाशीच मांडी घालून बसला.

"चढ ना गं," तो पुटपुटला. "चढ, बाई."

दुसरा भोंगा झाला तेव्हा तो उतारावरून धावत सुटला होता. धावणं कसलं, दोनदा पडला, तळहात सोलवटले.

"का नाही चढलीस?" त्याला धाप लागली होती.

"पोरीला काय सांगू? बाबांना बेटावर सोडून आले?" ती उठून उभी राहिली. "कुठे कुठे शोधलं तुम्हाला."

"मला भीती वाटते गं." संसारात हे त्याने तिला पहिल्यांदाच सांगितलं. "आता सहन नाही व्हायचं."

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि तिने त्याचा दंड धरला. खलाशाने दुसरा धरला. एकेक पायरी चढताना त्याने वर पाहिलं नाही.

केबिनमध्ये तिने गादी खाली ओढली, त्याला निजवलं आणि उशाशी बसली. इंजिनाची थरथर फरशीतून त्याच्या पाठीत शिरली.

"किती दिवस राहिले?"

"चार."

"खोटं तरी सांग."

"बरं. दोन."

त्याने तिचा हात घट्ट धरला. बंदर सुटलं, जहाज पहिल्या लाटेवर चढलं, आणि तिने दुसऱ्या हाताने बादली जवळ ओढली.