जपानला गेलेले अनारसे

संजीवनीला घाबरायला फारशी निमित्तं लागत नसत. सिंगापुरात येऊन दोन वर्षं झाली, तरी ती एमआरटीत, इथल्या मेट्रोत, पाण्याचा घोटही घ्यायची नाही. कुणी दंड केला तर? येताना विमानात भरायला दिलेल्या पांढऱ्या कार्डावर, अमली पदार्थ आणणाऱ्याला मृत्युदंड, अशी ओळ लाल अक्षरांत छापलेली होती. ती तिच्या मनातून कधी पुसली गेली नव्हती. नवरा, अमेय, चिडवायचा, "तू हिंगाची डबी बघूनही दचकशील." आणि घोटाळा झाला तो नेमका अशा बाईच्या हातून.

तिची जाई पंधरा वर्षांची. नोव्हेंबरच्या सुट्टीत शाळेने मुलांचा एक गट जपानला नेला होता. खेड्यातल्या एखाद्या घरी राहायचं, देवदारांच्या रानातून हिंडायचं, चहा कसा करतात आणि कसा पितात ते शिकायचं. ज्यांच्या घरी उतरणार, त्यांच्यासाठी प्रत्येकाने घरून काहीतरी खायला न्यायचं होतं. दिवाळी नुकतीच झाली होती. घरचं म्हणजे अनारसेच, असं संजीवनीने ठरवूनही टाकलं. सासूबाई दिवाळीला पुण्याहून आल्या, तेव्हा भाजणी, मेतकूट आणि पिशवीभर खसखस घेऊन आल्या होत्या. खसखशीवर थापलेले, जाळी पडलेले अनारसे तिने डब्यात भरले आणि निघताना दारात लेकीला बजावलं, "डबा तिथे विसरू नकोस हं. चांगल्या स्टीलचा आहे." मराठी आई पोरीला सातासमुद्रापार पाठवेल, पण डब्यावर पाणी सोडणार नाही.

सहल अर्धी झाली असेल. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये संजीवनी मैत्रिणीबरोबर, दीप्तीबरोबर, जेवत होती. दीप्ती नोव्हेनाच्या एका इस्पितळात फार्मसिस्ट, इथली मुरलेली. संजीवनी कौतुकाने अनारशांचं सांगत होती.

"खसखस लावून?" दीप्तीचा चमचा वाडग्यातच राहिला. "संजू, अगं, इथे खसखशीला बंदी आहे."

"काहीतरीच काय! आपण खीर करतो त्याची!"

"आपण करतो गं. पण ते अफूचं बी. इथे आणता येत नाही. आता लगेच घाबरू नकोस, सापडली तर जप्त करतील, चौकशी करतील..."

पुढचं संजीवनीला ऐकू आलं नाही. अफू एवढा एकच शब्द कानात शिरला आणि त्याच्यामागून ती लाल ओळ. घरी येऊन तिने उरलेली खसखस संडासात ओतली, पुन्हापुन्हा फ्लश केलं, बरणी घासली आणि मग बरणीही टाकून दिली. तेवढ्याने काय होणार? जाई परत येणार होती, आणि आज्ञाधारक पोर ती, तो डबा घेऊन येणार होती. त्याच्या कडेला दोन दाणे जरी चिकटलेले असले तरी? आणि त्या लोकांनी अनारसे खाल्लेच नसले तर?

तिने अमेयला ऑफिसात फोन केला. तो आधी हसला, मग हलक्या आवाजात बोलू लागला.

"शाळेला कळवू का रे?"

"अजिबात नको. पोरीच्या नावावर कायमचा शिक्का बसेल. शिवाय माझा नोकरीचा पास रिन्यूअलला आहे. आपणच कशाला खाजवून खरूज काढायची?"

मुलांचे फोन शिक्षिकेने आपल्याकडे घेऊन ठेवले होते. निसर्गात फोन नको म्हणे. लेकीशी बोलायचं तर शिक्षिकेलाच सांगावं लागलं असतं. रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर तेवढा एक फोटो यायचा. त्या दिवशीच्या फोटोत ठेंगण्या टेबलाशी एक म्हातारी जपानी बाई हसत बसली होती, शेजारी जाई, आणि मध्ये तो डबा. झाकण बंद. संजीवनीने फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. पोर हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी उंच झाडांच्या रांगेतही नाही. सगळी मुलं दात काढताहेत आणि माझीच का अशी? देवापुढे बसली तरी डोळ्यांसमोर डबाच यायचा.

परतीच्या दिवशी अमेय कामातून निघू शकला नाही. ती एकटीच चांगीला गेली. काचेपलीकडे मुलं सामान घेऊन येताना दिसली. सगळी एकेक करून बाहेर पडली आणि जाईला मात्र अधिकाऱ्याने बाजूला घेतलं. बॅग यंत्रातून गेली. उघडली गेली. डबा बाहेर आला. अधिकाऱ्याने झाकण काढलं आणि आत बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली होती.

त्यानंतर संजीवनीने जे केलं, ते तिला स्वतःलाही खरं वाटलं नसतं. दार सरकून कुणी बाहेर पडलं, तशी ही उलटी आत घुसली. सिग्नलवरच्या हिरव्या माणसाशिवाय रस्ता न ओलांडणारी बाई!

"सर! दॅट बॉक्स, आय पॅक! शी डझंट नो!" तिचा आवाज फाटला होता. "माय मिस्टेक! टेक मी!"

"नो सर, आय पॅक्ड इट," जाई शांतपणे म्हणाली. "एव्हरीथिंग, मायसेल्फ."

अधिकाऱ्याने दोघींकडे पाहिलं. डब्यातली एक मऊ, पांढरी वडी उचलून हुंगली. "मोची लाह," तो म्हणाला, "राइस केक." मग संजीवनीला बाहेरचं दार दाखवून म्हणाला, "मॅडम, या बाजूने आत यायचं नसतं." झाकण त्याने स्वतःच लावून दिलं.

बाहेर आल्यावर तिने जाईला घट्ट धरलं. रडू आवरेना.

"अनारसे कुठे गेले?"

"जाण्याच्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या शूटमध्ये टाकले. तू आंघोळीला गेली होतीस. एअरपोर्टवर पायनॅपल टार्ट्स घेतले, तेच डब्यात घालून त्यांना दिले. आजींनी रिकामा डबा परत दिला नाही, मोची घातले."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"शाळेत सांगतात ना, एव्हरी इयर. दिवाळीलाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुला सांगितलं असतं तर तू झोपलीच नसतीस, आई." जाई खाली बघत होती. "मला तिकडे सारखं वाटायचं, शूटमध्ये कुणाला सापडले तर? पोलीस आले तर? मी घरी नाही, तू एकटी. म्हणून ठरवलं होतं, आल्याबरोबर सांगायचं, सगळे मीच केले म्हणून."

"वेडी आहेस का? असं कशाला सांगायचं?"

"मी लायब्ररीत वाचलं ना," जाई म्हणाली. "अठराच्या आत फाशी देत नाहीत. तुला दिली असती."