चित्र हलतंय

*शोधा: हेल्मेटवर लावायचा कॅमेरा स्वस्त*

तिनं बोथट सुरीचं टोक चिकटपट्टीखाली घातलं आणि दाबलं. पट्टी सुटली नाही, सुरी वाकली. वडील पायरीवर बसून गुडघ्यांत हेल्मेट आवळून होते, न्हाव्यासमोर हट्टी पोराचं डोकं धरावं तसं.

"सहज निघते असं लिहिलं होतं ना खोक्यावर?"

"लिहायला काय जातं त्यांचं."

"म्हणजे कॅमेरा वाईट, पण पट्टी चांगली निघाली."

"बाबा, हलू नका. तसंच धरा."

हे ती कामावरच्या आवाजात म्हणाली. इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत दिवसभर तिचं हेच चालायचं. हलू नका, श्वास रोखा, झालं, सोडा. वडिलांनी खरंच श्वास रोखला. पट्टी हेल्मेटचा थोडा रंग घेऊन सुटली.

कॅमेऱ्याचं निघालं ते आरशावरून. मागच्या महिन्यात वडील मोटरसायकल ढकलत घरी आले, तेव्हा डावा आरसा लोंबत होता आणि कोपर सोललं होतं. काय झालं विचारल्यावर म्हणाले, "उभ्या टेम्पोनं धक्का दिला." ती आधी हसली. मग तिला हसू येईना. वडिलांनी सारी हयात ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवली होती. अर्धं शहर त्यांना मास्तर म्हणायचं. त्या अर्ध्या शहराच्या हातात स्टिअरिंग त्यांनीच दिलं होतं.

दादा लांब राहायचा. तो फोनवर म्हणाला, किल्ली काढून घे. ती म्हणाली, न बघता नाही. आपण एक कॅमेरा आणू, महिनाभर ते कसे चालवतात ते बघू, मग ठरवू. "महिनाभराच्या कामाला महागातला नको," एवढं म्हणून दादानं विषय मिटवला.

वडिलांना तिनं वेगळं सांगितलं होतं. तुमच्या फेऱ्यांचे व्हिडिओ करू, टाकू कुठेतरी, जुने विद्यार्थी बघतील. वडील थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले होते. मग म्हणाले होते, "चालेल."

पहिल्या कॅमेऱ्यात जे आलं ते काल दोघांनी शेजारी बसून बघितलं होतं.

हँडल. उजवा आरसा. गल्ली. कुत्रं. मुख्य रस्ता. चौक, दिवा लाल. गाडी थांबते, रेषेच्या आत, पुस्तकातल्या चित्रासारखी. दिवा हिरवा. गाडी थांबलेलीच. हॉर्न. हॉर्न. शेजारून जाणारा एक माणूस हात नाचवतो. दिवा पुन्हा लाल. गाडी निघते.

"कसं आलंय?" वडिलांनी विचारलं होतं.

"हलतंय फार," ती म्हणाली होती.

"हलतंय?"

"बघा ना. पुढच्या गाडीचा नंबरसुद्धा वाचता येत नाही. परतच करते."

*शोधा: हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र हलू नये म्हणून*

एका ग्राहकानं लिहिलं होतं: अप्रतिम, डोंगरात नेला, एकदा पडलो, पडतानाचं चित्रही स्थिर आलं. दुसऱ्यानं लिहिलं होतं: फसवणूक आहे, घेऊ नका. तिसऱ्यानं लिहिलं होतं: खोकं छान आहे. अजून वापरला नाही. पाच तारे.

तिनं संगणक बंद केला आणि दुकानात गेली.

"या ताई," दुकानदार म्हणाला. त्यानं परत आलेलं खोकं उघडून आतली वायर मोजल्यासारखी बघितली. "काय खोट निघाली?"

"चित्र हलतं."

"माणूस हलतो ना ताई, मग चित्र हलणारच." त्यानं काचेखालून दुसरा काढला. "हा घ्या. किमतीला थोडासाच वर जातो. हा लावून लोक कड्यावरून उड्या मारतात. तीस मीटर पाण्याखाली चालतो."

"वडील पाण्याखाली जात नाहीत."

"स्लो मोशन आहे."

"ते तसेही हळूच चालवतात."

"मग नक्की काय बघायचंय तुम्हाला?"

तिनं कॅमेरा हातात घेऊन त्याची काच उगीच रुमालानं पुसली. तिच्या मागे उभा असलेला माणूस घड्याळ बघायला लागला. दुकानदार त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "नवरा निवडतानासुद्धा एवढं बघत नाहीत हो लोक."

"म्हणून तर आता बघतेय," ती म्हणाली. "द्या हा."

वडिलांनी नवा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, वजन हातावर तोललं आणि काही न विचारता हेल्मेट पुढे केलं. फेरी तीच ठरलेली होती, घर, चौक, पूल, पाण्याची टाकी, परत. तासाभराचं काम. ती खिडकीत उभी राहिली, मग गच्चीवर गेली, मग वाळलेले कपडे काढले आणि घड्या करून पुन्हा मोडल्या. वडील आले ते दुपारच्या जेवणाची वेळ टळल्यावर.

"फार गर्दी होती," ते म्हणाले. सुट्टीचा दिवस होता.

आकाश. तार. तारेवर कावळा. झाडांचे शेंडे. पेट्रोल पंपाचं छप्पर. जाहिरातीच्या फलकावर दात दाखवणारी बाई. आकाश. झाडांचे शेंडे. पेट्रोल पंपाचं छप्पर. दात दाखवणारी बाई. वाऱ्याचा फर्र असा आवाज, सगळ्यावर, सतत. झाडांचे शेंडे. पंपाचं छप्पर.

ती बाई तिसऱ्यांदा आली तेव्हा वडील म्हणाले, "हिला बऱ्याच ठिकाणी लावलंय."

"हो," ती म्हणाली. "नवीन जाहिरात असेल."

"कसं आलंय मग?"

"काय कसं आलंय! अर्धं तर आकाशच आहे. आणि आवाज बघा, कानाला पीठगिरणी बांधल्यासारखा. पैसे घेतात आणि काहीही गळ्यात मारतात मेले."

"आकाश चांगलं आलंय पण."

ती उठली आणि खोकं शोधायला लागली. खोकं समोरच्या टेबलावरच होतं. तिनं कपाट उघडलं, मग दिवाणाखाली वाकून बघितलं. वडील तिला शोधू देत बसले.

*शोधा: वाऱ्याचा आवाज न येणारा कॅमेरा स्वस्त*

*शोधा: हेल्मेटवर कॅमेरा कुठल्या कोनात लावावा*

*शोधा: वडिलांना कसं सां*

हे शेवटचं तिनं पुसलं.

कामावर त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. छातीचा एक्स-रे होता. काढून झाल्यावर शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी विचारलं, "काही दिसलं का हो?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील."

"ते देतीलच. तुम्हाला काय दिसलं?"

एक्स-रे काढणाऱ्यानं सांगायचं नसतं. तसा नियमच होता, आणि तो तिला कायम बरा वाटायचा. पडद्यावर काहीही उमटलं तरी चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, हे तिला इतकं जमायचं की नवीन मुलींना तिच्यासमोर उभं करून शिकवत. गृहस्थ मात्र जाईनात. बटण चुकीच्या काजात घालून तसेच उभे राहिले. तिनं पुढे होऊन त्यांचं बटण काढून नीट लावलं आणि दार उघडून धरलं.

संध्याकाळी दादाचा फोन.

"झालं का तुझं चित्रीकरण?"

"कॅमेरा धड मिळत नाहीये."

"अगं, दोन झाले ना? सिनेमा काढायचाय का तुला? मला एवढंच सांग, ते नीट चालवतात की नाही?"

"तेच बघायचंय ना. दिसलं तर सांगीन. एकात हलतं, एकात आकाश."

"किल्ली काढून घे आणि मोकळी हो."

"तू ये आणि तू काढून घे."

"मी एवढ्या लांबून—"

"हो ना. लांबून सगळं स्वच्छच दिसतं."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. मग दादाचा. मग दुकानदाराचा, कॅमेरे बनवणाऱ्यांचा आणि खोकं छान आहे म्हणून पाच तारे देणाऱ्या त्या गाढवाचा. बाहेरच्या खोलीत वडील तुटलेल्या आरशाचा नट आवळत होते. नट बसला की आरसा फिरायचा, आरसा सरळ केला की नट सैल व्हायचा. ते शांतपणे पुन्हा सुरुवात करायचे.

दुकानदारानं तिसऱ्या वेळी "या ताई" म्हटलं नाही. त्यानं काचेच्या कपाटातला, सगळ्यांना दाखवण्यासाठी ठेवलेला कॅमेरा काढला. खोकं फाटकं होतं म्हणून त्यानं किंमत उतरवली.

"याचं चित्र हलत नाही, याला वारा ऐकू येत नाही, कोन मी स्वतः लावून देतो. हाही नाही आवडला तर माझ्याकडे फक्त लग्नाचा व्हिडिओवाला उरतो. त्याला बसवा मागच्या सीटवर."

त्यानं कोन खरंच लावून दिला. वडील सकाळी गेले आणि लवकर परत आले. आल्यावर पाणी प्यायले, हेल्मेट हातातच ठेवून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लाव."

हँडल. स्वच्छ. पेट्रोलच्या टाकीवरचा ओरखडा. गल्ली. कुत्र्याचा पट्टा लाल. पुढच्या गाडीचा नंबर, एकेक आकडा. चौक.

आणि आवाज.

*आरसा बघ. इशारा दे. क्लच. हळू. घाई नाही कोणाला. डावीकडे. डावीकडे म्हणजे… घड्याळाचा हात. घड्याळाचा हात तो डावा. हां. शाबास.*

तिला आधी वाटलं, कोणीतरी मागे बसलंय. नवशिक्याशी वडील याच आवाजात बोलायचे. लहानपणी सुट्टीत ती ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीत मागच्या सीटवर बसायची, तेव्हा पुढच्या सीटवरून हाच आवाज यायचा. रागावणं नाही, थकणं नाही.

*पूल येईल आता. यायला हवा. टाकी दिसतेय लांबवर, म्हणजे पूल गेला का? विचार कर. थांबू नको, मागे गाडी आहे. विचार कर.*

पुलाअलीकडे रस्ता ओलांडणारे पट्टे. पट्ट्यांवर एक बाई, दोन्ही हातांत हँगर, हँगरना इस्त्री केलेले कपडे, जमिनीला लागू नयेत म्हणून हात उंच धरलेले. गाडीचा वेग तोच. बाई थबकते, मागे उडी घेते. कपडे रस्त्यावर. "अहो!" गाडी थांबत नाही.

*पुढे बघ. पुढे बघ. मागे नाही बघायचं.*

मग बराच वेळ नुसता रस्ता आणि श्वासाचा आवाज.

व्हिडिओ संपला. पडद्यावर गोल बाण आला, पुन्हा बघायचं असल्यास दाबा.

"कसं आलंय?" वडिलांनी विचारलं.

तिनं खुर्ची थोडी मागे सरकवली. चष्मा काढून ओढणीला पुसला, परत घातला.

"रंग जरा फिके आहेत," ती म्हणाली. "पांढरं पांढरं वाटत नाही. अजून एखादा बघायला—"

"कॅमेऱ्यात काही खोट नाही."

"नाही पण बाबा, रंग—"

"पहिल्यातही नव्हती."

खाली कुणीतरी लोखंडी फाटक ओढलं.

"तुम्हाला कळलं होतं?"

"अगं, जन्मभर शेजारच्या सीटवर बसून दुसरं काय केलं मी? लाल दिव्यात गाडी काढणाऱ्याला मी त्याच दिवशी खाली उतरवायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तू आपली कॅमेरेच बदलत सुटलीस." त्यांनी हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं. "तो दुकानदार बिचारा फुकटचा बेजार झाला."

तिला हसायचं होतं. वडील पुढे वाकले. त्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता. एक बोट ताठ करून त्यांनी चित्र मागे न्यायला सुरुवात केली. पूल उलटा गेला, कपडे रस्त्यावरून उठून बाईच्या हातात गेले, ते जास्तच मागे गेलं, मग पुन्हा पुढे आणलं. बाई पट्ट्यांवर, हात उंच. तिथं त्यांनी थांबवलं.

"ही त्या धुलाईच्या दुकानातली ना? पुलाअलीकडच्या?"

"हो. कोपऱ्यावरच्या."

"सगळे पांढरेच होते बघ." त्यांनी पडद्यावरच्या कपड्यांवरून बोट फिरवलं. "परत धुवावे लागले असतील तिला. वर मालकाची बोलणीही खावी लागली असतील."

तिनं टेबलावरचं फाटकं खोकं मिटवलं.

"उद्या जाऊन भेटून येतो तिला."

खुंटीवर गाडीची किल्ली होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवून ती पडद्याकडे बघत राहिली. आता बोलायला हवं होतं. शब्दही तयार होते, पुरेसे सौम्य, आणि तिनं तोंड उघडलंही.

"चालत किती वेळ लागेल गं तिथवर?"

"चालत?"

"मग कसा जाऊ?"

"अर्धा तास," ती म्हणाली. मग तिनं हिशेब बदलला. "पाऊण धरा. मी येते बरोबर."

"ये. ऊन व्हायच्या आत निघू." वडिलांनी पाय पुढे घेतले आणि आपल्या पावलांकडे, अंगठ्याजवळ गिअरनं काळ्या पडलेल्या चपलांकडे, कधी न बघितल्यासारखं बघितलं.

"माझ्याकडे चालायचे बूटच नाहीत गं," ते म्हणाले.