दूध सोडलं

ज्योत्स्नाला दूध फार आवडायचं, म्हणून तिनं तेच सोडलं. नवसाला आवडीचीच वस्तू सोडायची असते. कारलं सोडून कानबाई कशाला पावेल? लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले, तेव्हा धरणगावच्या घरात कानबाईपुढे ती बोलली, की मूल आपल्या पायांनी चालत देवीपुढे येईपर्यंत दूध, दही, ताक तोंडाला लावणार नाही. सासू बेबाबाईंनी हे साऱ्या गल्लीत कौतुकानं सांगितलं.

मुलगा झाला, ललित. दीड वर्षाचा झाला तरी पाय टेकवेना. लोक म्हणत, काही पोरं उशिराच चालतात. लोकांना काय, जीभ उचलून टाळ्याला लावायची!

शेवटी जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी मायलेकरांचं रक्त तपासलं. दोघांच्याही रक्तात शिसं निघालं. मग माहेरची चौकशी झाली. ज्योत्स्नाचे वडील रुपचंद मेहरूणला जुन्या बॅटऱ्या फोडून अंगणातल्या चुलीवर शिसं वितळवायचे. ती लहानपणी तिथंच खेळायची.

"ते शिसं तुमच्या हाडांत साठून राहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटातल्या बाळाला कॅल्शियम लागतं. आईच्या खाण्यातून पुरेसं मिळालं नाही, तर ते तिच्या हाडांतून निघतं. त्याच्यासोबत शिसंही निघतं आणि बाळाकडे जातं. दूध-दही घेत होतात ना?"

बेबाबाईंनी खाली बघत नवसाचं सांगितलं.

"आता रोज घ्या. अंगावर पाजणं बंद करू नका, त्यातून जाणारं शिसं अगदी थोडं असतं."

"पण हा चालेल ना?" ज्योत्स्नानं विचारलं.

"प्रयत्न करू. झालेलं सगळं नुकसान भरून निघेल, असं मात्र सांगता येत नाही."

घरी येताच बेबाबाईंनी स्वतः दूध तापवलं आणि पेला सुनेपुढे धरला.

"ललित अजून चालना नही, माय. नवस कसा मोडू?"

"पी ले, बेटा. पाप मना माथावर."

ज्योत्स्ना रडत रडत प्यायली. इतकं आवडीचं दूध, पण चव लागली नाही. तेवढ्यात ललित भुकेनं तिचा पदर ओढू लागला. डॉक्टरांनी पाज म्हणून सांगितलं होतं, तरी तिचा हात थबकला. आपलंच दूध पोराला द्यायची तिला भीती वाटली. पोर रडायला लागलं तसं तिनं त्याला छातीशी घेतलं, आणि तो पीत होता तोवर ती त्याची माफी मागत राहिली.