ओक्लाहोमाची नंबरप्लेट

आमच्या अंगणातून ओक्लाहोमा दिसतं. कुंपणापलीकडचा रस्ता ओलांडला की राज्य बदललं. घर मात्र मिझुरीत, आणि कॉलेजही मिझुरीतच, गाडीने वीस मिनिटांवर. तरी माझ्या भाचीला, जोलीनला, परराज्यातली विद्यार्थिनी ठरवून दुप्पट फीचं पत्र आलं. ते वाचून मी थेट बाहेर उभ्या ट्रककडे पाहिलं.

ट्रक माझ्या भावाचा, ड्वेनचा. त्याला ओक्लाहोमाची नंबरप्लेट. इकडे गाडीवर दरवर्षी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कर भरावा लागतो, तिकडे नाही. म्हणून या शहाण्याने अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या रॉयस नावाच्या मित्राचा पत्ता देऊन गाडी आणि लायसन्स दोन्ही तिकडचं करून घेतलं. इथे बरेच जण तेच करतात. पण ड्वेन ती हुशारी दर बार्बेक्यूला सगळ्यांना ऐकवायचा, आणि माझं डोकं तडकायचं.

कॉलेजच्या ऑफिसातल्या मिसेस टटल म्हणाल्या, "मुलीला आई नाही, आणि वडील कागदोपत्री ओक्लाहोमाचे. ते इथे राहतात याचा सरकारी कागद शुक्रवारपर्यंत आणा. नाहीतर कमी फीसाठी एक वर्ष थांबावं लागेल."

कागद कुठून आणणार? वहिनी गेल्यापासून दोघं माझ्याकडे राहतात. घर माझ्या नावावर, बिलंही माझ्याच.

"एक वर्षाने काय बिघडतं?" घरी आल्यावर ड्वेन पुटपुटला.

"तुझं काय बिघडणार!" मी म्हटलं. "तू बस ट्रक पुसत."

जोलीन मात्र रडली नाही. ती दोन दिवस काउंटीचे नियम वाचत बसली आणि गुरुवारी सकाळी बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, कर चुकवला म्हणून स्वतःविरुद्धच तक्रार करा."

"काय?"

"ते दंड लावतील. दंडाच्या नोटिशीत लिहावंच लागतं, हा माणूस कधीपासून इथे राहतो ते."

"अगं, गावभर हसं होईल माझं!"

"होऊ दे. चला, बूट घाला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याचे बूट आणून पुढ्यात ठेवले.

काउंटीच्या कारकुनाने म्हणे दोनदा विचारलं, नक्की ना? आपण होऊन असा कुणी येत नाही. ड्वेनने मान खाली घालून सह्या केल्या, मागचा कर आणि दंड भरला. त्यापायी त्याला मासेमारीची बोट विकावी लागली.

शुक्रवारी मिसेस टटल यांनी नोटीस मोठ्याने वाचली: "सदर इसम अकरा वर्षांपासून याच काउंटीत राहत असून त्याने जाणूनबुजून कर चुकवला आहे." मागे रांगेत ओळखीची चार माणसं होती. ड्वेनचे कान लाल झाले.

"हे तुम्हीच का, मिस्टर हॅगर्टी?" त्यांनी विचारलं.

ड्वेनने मान वर केली. "हो, मीच," तो म्हणाला. "मी मिझुरीचा. आणि ही माझी मुलगी."

मिसेस टटल यांनी शिक्का मारला.